ऊन फुकट आहे, मग ड्रायरचे पैसे कोण देणार?



लाँड्रीच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच विचारणा वेगवेगळ्या तोंडांनी येतेय. "सर, कपडे वाळवायचा ड्रायर घेऊ का? बीडला चालेल का? गेवराईला चालेल का? सबसिडी बसते का?" कुणी हीट पंपवाल्या ड्रायरची जाहिरात पाठवतं, कुणी कपाटासारख्या ड्रायरची, ज्यात शर्ट हँगरला लटकवायचा आणि खालून गरम हवा सोडायची. एकाने तर पत्र्याच्या पेटीला वरून काच लावून घरगुती सोलर ड्रायरचा नकाशाच काढून पाठवला. नकाशा व्यवस्थित होता, मापं टाकलेली होती. फक्त त्यात गिऱ्हाईक कुठं आहे ते दिसत नव्हतं.

माझं मत आधीच सांगतो. बीड जिल्ह्यात कपड्यांचा ड्रायर हा बहुतेक ठिकाणी तोट्याचा सौदा आहे, एक-दोन जागा सोडून. आणि ज्यांना ड्रायर या वस्तूवर खरंच काही उभं करायचंय, त्यांनी आपल्याच अंबाजोगाईच्या माणसाने मित्रांसोबत बनवलेला एक वेगळाच ड्रायर नीट बघावा. तो कपड्यांचा नाही. पण तो कपड्यांचा का नाही, हे कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं.

आधी वाळणं म्हणजे काय ते बघू. घाबरू नका, शाळेतलंच आहे. कापडातल्या पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती वाफ उचलून न्यायला कोरडी, हलती हवा लागते. एक लिटर पाणी उडवायला साधारण पाऊण युनिटच्या जरा खाली, म्हणजे ०.६७ युनिट इतकी ऊर्जा लागतेच लागते. मशीन जर्मनीचं असो की राजकोटचं, त्यात सूट नाही. (हीट पंपवालं मशीन बाहेर टाकायची उष्णता परत फिरवून वापरतं म्हणून विजेचं बिल कमी येतं. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच.)

आता पाच किलो कोरड्या वजनाचे कपडे घ्या. धुऊन हाताने पिळले तर त्यांत जवळपास पाच लिटर पाणी उरतं. मशीनमध्ये चांगले गरगर फिरवले तर अडीच-तीन लिटर. हे तीन लिटर साध्या गरम हवेच्या ड्रायरने उडवायला तीन ते चार युनिट वीज जाते, हीट पंपवाल्याने साधारण त्याच्या निम्मी. धंद्याच्या मीटरवर दहा रुपये युनिट धरलं तर नुसत्या विजेचेच पंधरा ते चाळीस रुपये. त्यात मशीनचा हप्ता, जागेचं भाडं, माणसाचा पगार मिळवा. आणि आता मे महिन्यात दुपारी बारा वाजता माजलगावच्या कुठल्याही गच्चीवर जाऊन दोरीकडे बघा. पहिला टॉवेल टाकून शेवटच्या शर्टापर्यंत यावं, तर पहिला टॉवेल कडक झालेला असतो. हे काम कुणाला किती रुपयांना पडलं? शून्य.

दोरीला आपण मशीन समजत नाही ही आपली चूक आहे. उत्तम मशीन आहे ते. कापड लटकतं म्हणून त्याच्या दोन्ही बाजू हवेला मोकळ्या राहतात, पाणी खाली ओघळतं, वारा आरपार जातो. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर दोन दोऱ्यांना एकमेकींचा पीळ देतात आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोचतात. चिमट्याचीही गरज नाही, आणि वाऱ्याने कापड उडत नाही. ज्याने कुणी पहिल्यांदा हे केलं असेल त्याला मी डिझायनरच म्हणेन. पत्र्याच्या पेटीत कपडे कोंबून वर काच लावली तर तुम्ही ऊन ठेवलं आणि वारा काढून घेतला. दोरीपेक्षा वाईट मशीन बनवायला पैसे घातले.

म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाहीच. ऊन जे काम फुकटात करतंय, त्याचे पैसे कोणी देणार नाही. ऊन जिथं कमी पडतं, तिथं लोक पैसे देतात. तर बीड जिल्ह्यात कपड्यांच्या बाबतीत ऊन कुठं कमी पडतं?

मला एक जागा दिसते, परळी. वैद्यनाथाला वर्षभर लोक येतात, पण खरी गर्दी श्रावणात. श्रावण म्हणजे पावसाळा. म्हणजे लॉज भरलेले, दुपारी एक गिऱ्हाईक गेलं की संध्याकाळी दुसरं हजर, पलंगावरची चादर त्याच दिवशी धुऊन परत हवी, आणि आभाळ भरून आलेलं. वर परळीच्या राखेचं मी वेगळं सांगायला नको, पांढरी चादर गच्चीवर टाकायची म्हणजे धाडस आहे. इथं मागणी आणि उन्हाची सुट्टी एकाच वेळी येतात. दुसरी जागा दवाखान्यांची. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, आजूबाजूला खासगी दवाखाने वाढलेत. दवाखान्याच्या चादरीला नुसतं वाळून चालत नाही, ती गरम पाण्यातून निघून उघड्यावर धूळ न लागता वाळावी लागते. खासगी दवाखाने त्याचे पैसे मोजतात, कारण त्यांना तो खर्च चुकवता येत नाही.

या दोन्ही ठिकाणीसुद्धा माझा सल्ला असा: ड्रायरच्या आधी हायड्रो घ्या. लाँड्रीवाले ज्याला हायड्रो म्हणतात ते मशीन कपडे नुसते फिरवून पाणी फेकतं. पाणी फेकायला लागणारी वीज पाणी उडवायला लागणाऱ्या विजेच्या पासंगालाही पुरत नाही. पाच किलो कपड्यांतलं दोन लिटर पाणी हायड्रो काही मिनिटांत काढतो आणि पाव युनिटही खात नाही. उरलेल्यासाठी वर पत्रा असलेली, चारी बाजूंनी जाळी असलेली खोली आणि दोन मोठे पंखे. एवढ्यावर श्रावणाचा एक सीझन काढा. चादरी परत द्यायला उशीर होतोय, गिऱ्हाईक तुटतंय असं वहीत दिसलं, तर पुढच्या वर्षी टंबलर ड्रायर घ्या. ज्याच्या वहीत ते दिसत नाही, त्याने तो हप्ता आपल्या डोक्यावर का घ्यावा?

कपड्यांचं इतकंच. आता त्या दुसऱ्या ड्रायरकडे येऊ.

उन्हात आपण कपड्यांखेरीज आणखी काय वाळवतो? सगळंच. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, मिरच्या, चिंच, मेथीची भाजी, बाजेवर धुतलेलं लुगडं टाकून त्यावर पसरलेले बटाट्याचे कीस. माळवदावर एका बाजूला कपडे आणि दुसऱ्या बाजूला वाळवण, एकाच उन्हात. पण कपडा संध्याकाळी जसाच्या तसा घरात येतो, वाळवण तसं येत नाही. त्यावर धूळ बसते, माशी बसते, चिमणी चोच मारते, अवकाळीचा शिडकावा झाला की धावाधाव. थेट उन्हाने मेथीचा हिरवा रंग उडतो आणि ती गवतासारखी पिवळी दिसते. घरात खायला ते चालतं. आजीने केलंय म्हणून आपण बोटाने खडा काढतो आणि खातो. दुकानदाराला चालत नाही, आणि मसाल्याच्या कंपनीला तर मुळीच नाही.

म्हणजे कपड्यांच्या बाबतीत ऊन वर्षातले थोडे दिवस कमी पडतं. खाण्याच्या वस्तूच्या बाबतीत ते रोज कमी पडतं.

वैभव तिडके मूळचे अंबाजोगाईचे. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुने लोक ज्याला यूडीसीटी म्हणतात तिथं शिकले. तिथं त्यांनी आणि मित्रांनी मिळून 'सायन्स फॉर सोसायटी' नावाने काम सुरू केलं, त्याचंच आजचं नाव एस४एस टेक्नॉलॉजीज. त्यांच्या सोलर कंडक्शन ड्रायरला २०१३ मध्ये डेल कंपनीच्या सोशल इनोव्हेशन चॅलेंजमध्ये पहिलं बक्षीस मिळालं, ६० हजार डॉलरचं. मग १० वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सिंगापूरला याच कंपनीला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांनी सुरू केलेला हा पुरस्कार, रक्कम १० लाख पौंड. कचरामुक्त जगाच्या गटात तो मिळाला, कारण शेतात सडणारा, फेकला जाणारा भाजीपाला ते वाचवतात. त्या वेळी पेपरात फोटो आले, स्टेटस लागले, आणि आठवड्यात विसरलोही. मला त्या पुरस्कारापेक्षा मधल्या १० वर्षांत जास्त रस आहे, पण ते नंतर. आधी ड्रायर.

मघाशी आपण म्हटलं, दोरीवरच्या कापडाच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात. कांद्याची चकती दोरीला टांगता येत नाही. ती ताटात पसरावी लागते. पसरली की तिची खालची बाजू ताटाला चिकटून बसते, तिथं ना ऊन ना वारा. वरून वाळली, खालून ओली. म्हणून वाळवण करणाऱ्या बायका दर तासाला उठून परतत बसतात. साधा सोलर ड्रायर या दुखण्यावर हवा गरम करून सोडतो. पण हवा उष्णता वाहायला फार चांगली नाही, आणि जोराने फिरवायची तर पंखा आला, पंखा आला की वीज आली. आपल्या शेतात वीज कधी असते ते तुम्हाला माहीत आहे.

या ड्रायरमध्ये युक्ती अशी आहे की ताटच तापवायचं. ताट धातूचं आणि गडद रंगाचं. ऊन पडलं की ते ऊन शोषतं, तापतं, आणि आपली उष्णता खालून थेट चकतीला देतं. तव्यावर भाकरी शेकते तसं, फक्त आच मंद. शास्त्राच्या भाषेत हे कंडक्शन, म्हणजे वहन. म्हणून नाव कंडक्शन ड्रायर. वरून पारदर्शक आवरण आहे, त्यातून ऊन आत येतं पण धूळ आणि माशी येत नाही. आत तापलेली हवा हलकी होऊन आपसूक वर सरकते, जाताना वाफ घेऊन जाते, खालून ताजी हवा येते. म्हणजे उन्हाची थेट उष्णता, गरम हवेची उष्णता आणि ताटाची उष्णता, तिन्ही एकत्र. पंखा नाही, मोटार नाही, वायर नाही. बिघडायला जवळजवळ काही ठेवलेलंच नाही. खेड्यात विकायच्या मशीनमध्ये हा गुण मी सगळ्यात वर धरतो. परवा एका यंत्राचा छोटासा सेन्सर गेला आणि तो पुण्याहून यायला सतरा दिवस लागले असं ऐकलं. मोसमातले सतरा दिवस म्हणजे मोसमच गेला.

एक गोष्ट लक्षात घ्या, वाळवताना जास्त तापवणं म्हणजे जास्त चांगलं नव्हे. आच फार झाली तर चकतीच्या वर कडक पापुद्रा धरतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. हाताला कुरकुरीत लागतं, पिशवीत भरल्यावर महिन्याने बुरशी येते. भाजीपाल्याला ५५ ते ६५ अंशांच्या आसपास ठेवणं बरं. चकती तीन-चार मिलिमीटरची आणि सगळ्या सारख्या जाडीच्या. एक जाड चकती पूर्ण पिशवी नासवते. म्हणून मी नेहमी म्हणतो, ड्रायरपेक्षा चांगला स्लायसर आधी घ्या. चिराईच वेडीवाकडी असेल तर ड्रायर काही करू शकत नाही.

आता जरा हिशोब करू, कारण जाहिरातीत फक्त 'उन्हावर चालतो, खर्च शून्य' एवढंच लिहितात. आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच ते साडेपाच युनिटइतकं ऊन पडतं. त्यातलं ४० टक्के पदरात पडलं असं धरा, आणि हे मी उदार मनाने धरतोय. म्हणजे दोन युनिट. एका लिटरला ०.६७ युनिट, म्हणजे एक चौरस मीटर ताट दिवसाला तीन लिटर पाणी उडवणार. सोललेला, चिरलेला आठ किलो कांदा वाळवला की एक किलोच्या आसपास फ्लेक्स होतात, म्हणजे सात लिटर पाणी उडवायचं. तर एक किलो कांदा फ्लेक्सला सव्वादोन चौरस मीटर ताट, एक पूर्ण उन्हाचा दिवस. दहा बाय अकराच्या खोलीइतकी जागा, म्हणजे १० चौरस मीटर ताटं तुमच्याकडे असतील, तर दिवसाला चार किलो फ्लेक्स. चाळीस नाही. चार.

हा आकडा ऐकून वाईट वाटून घेऊ नका. विजेच्या ड्रायरला तेच सात लिटर उडवायला सात ते दहा युनिट लागतात, म्हणजे किलोमागे सत्तर ते शंभर रुपये नुसती वीज. ते तुमचे वाचतायत. पण ऊन तुम्हाला घाई करू देत नाही, हे धंदा ठरवतानाच मान्य करावं लागतं. ऑर्डर आली म्हणून रात्रपाळी लावता येत नाही.

आणि कच्चा माल? सोलून, टोकं कापून आठ किलो मिळवायला बाजारातला नऊ-दहा किलो कांदा लागतो. कांदा पाच रुपयांवर आला की एका किलो फ्लेक्सचा कच्चा माल पन्नास रुपयांत पडतो, पंचवीसवर गेला की अडीचशे. आणि कांद्याचा भाव तुमच्या-माझ्या हातात नाही. त्या पुरस्काराला महिना होतो तोच, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उघडली. भाव पडले तेव्हा शेतकरी रडला, आणि भाव चढले असते तर फ्लेक्सवाला रडला असता. शिवाय कांदा सुकवण्यात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातलं महुवा गाव केवढं मोठं आहे, तिथं कारखान्यांची रांग आहे. इकडे जळगावला जैन उद्योगसमूह वर्षानुवर्षं पांढरा कांदा सुकवतोय. त्यांच्याशी दिवसाला चार किलोवर तुम्ही भावात भिडणार?

म्हणून एकट्याने सुरू करणाऱ्याने कांद्यात उडी मारू नये, असं माझं ठाम मत आहे. कांदा दिसायला सोपा म्हणून सगळे तिकडे जातात. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, कढीपत्ता, मेथी, आलं बघा. पाल्याला पाणी कमी, चिराई नाही, रंग टिकला की लगेच डोळ्यात भरतो. आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या फळाला आहे, बीडचं सीताफळ, २०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकनही आहे, त्याचा मात्र मोह टाळा. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. ते थंड करून टिकवायचं फळ आहे, वाळवायचं नाही. ड्रायर सगळ्यावर चालतो असं सांगणाऱ्या विक्रेत्याला सीताफळ वाळवून दाखवायला सांगा, गंमत म्हणून.

आता त्या मधल्या १० वर्षांबद्दल. ड्रायर २०१३ मध्येच बक्षीस मिळण्याइतका चांगला होता. मग तो नुसता विकत का सुटले नाहीत? कारण शेतकरी बाईला ड्रायर विकला, तिने मन लावून मेथी वाळवली, पिशव्या भरल्या, आणि त्या पिशव्या घरातच राहिल्या तर? तिच्याकडे ना गिऱ्हाईक, ना गाडी, ना प्रयोगशाळेचा रिपोर्ट. म्हणून ही मंडळी हळूहळू मशीन विकणाऱ्याची माल विकत घेणारी झाली. महिला शेतकऱ्यांच्या दारात ड्रायर आणि चिरायची साधनं, त्याला बँकेच्या कर्जाची जोडणी, काम शिकवणं, आणि वाळलेला माल स्वतः उचलून मोठ्या खाद्यकंपन्यांना आणि केटरिंगवाल्यांना देणं. निधी पंत या त्यांच्या सहसंस्थापक, अर्थशॉटच्या वेळी जगभर हीच पद्धत सांगत होत्या. ड्रायर त्यातला एक तुकडा आहे. माझ्या मते त्यांचं खरं डिझाइन काळ्या ताटात नाही, ते माल परत उचलण्याच्या करारात आहे.

आणि इथं मला आपल्या जिल्ह्यातली अडगळ आठवते. सबसिडी मिळतेय म्हणून घेतलेली पापड मशीनं, शेवया मशीनं, पल्व्हरायझर. गोठ्याच्या कोपऱ्यात, वर गोणपाट, त्यावर कोंबडी बसलेली. विक्रेत्याचे पैसे पोचले, फाइलवर शिक्का बसला, आणि हप्ता मात्र बचत गटातल्या दहा बायकांच्या नावावर चालू. मशीन बिघडलेलं नसतं. ते सुरूच झालेलं नसतं, कारण पहिल्या दिवशी बनवलेले वीस किलो पापड अजून डब्यात असतात.

सबसिडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे, आणि बचत गटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत तरतूद आहे. मुदत आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्या, यूट्यूबवरून नको, माझ्या यूट्यूबवरूनसुद्धा नको. पण ३५ टक्के सूट म्हणजे ६५ टक्के तुमचेच आहेत. हे ६५ ज्याला दिसत नाहीत, त्याने अर्जावर सही करू नये.

मग ड्रायर विकायला आलेल्या माणसाला काय विचारायचं? तो क्षमता सांगेल 'शंभर किलोचा ड्रायर'. विचारा, शंभर किलो ओला की वाळलेला, किती दिवसांत, कोणत्या महिन्यात. विचारा ताटांचं एकूण क्षेत्रफळ किती चौरस मीटर, आणि मी वर केलेला गुणाकार त्याच्यासमोर करा. मग विचारा, माल तुम्ही परत घेणार का. हो म्हणाला तर कोणत्या भावाने, किती ओलाव्याचा, ओलावा मोजणार कोण, नापास झालेला माल कुणाचा, आणि हे सगळं स्टँपपेपरवर देणार का. 'माल आम्ही उचलतो' हे तोंडी वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी खुर्चीवरून उठतो. जो खरंच उचलतो, त्याच्याकडे आधी उचललेल्या मालाची बिलं असतात. ती दाखवायला त्याला पाच मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र कुठलाच विक्रेता सांगत नाही आणि ती आपल्या जिल्ह्याला खास लागू आहे. ड्रायर जोरात चालायचे महिने कोणते? पाऊस गेला की, म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत. आणि आपल्याकडची घरंच्या घरं कुलूपबंद असतात ते महिने कोणते? दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून कोयते निघतात ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडावर. म्हणजे ऊन असतं तेव्हा बाई नसते, आणि बाई घरी येते तेव्हा उन्हाळ्याचा शेवटचा तुकडा उरतो, मग आभाळ येतं. धारूर, पाटोदा, शिरूरच्या गावात जाऊन ड्रायरचा गट उभा करायचा म्हणजे या कॅलेंडरशी भांडण आहे. मुकादमाची उचल एकदम हातात पडते. त्यातून मागचं कर्ज फिटतं, लेकीचं लग्न निघतं. ड्रायरचे पैसे पंधरा दिवसांनी, महिन्याने, थोडे थोडे येतात. घरी राहून तेवढेच पैसे मिळतात असं कागदावर दाखवून काही होत नाही, ती एकरकमी उचल कुठून आणायची हा त्या बाईचा खरा प्रश्न आहे. ज्या कुणाला या जिल्ह्यात गट घेऊन हे काम करायचंय, त्याने बँकेशी किंवा माल घेणाऱ्या कंपनीशी बोलताना मशीनच्या कर्जाइतकीच या आगाऊ रकमेची बोलणी करावी. दसऱ्याच्या आधी. दसऱ्यानंतर मुकादम दारात येऊन गेलेला असतो.

ज्याच्या घरचं कुणी फडावर जात नाही, गच्ची मोकळी आहे आणि हाताशी दोन-चार हजार रुपये आहेत, त्याने या हिवाळ्यात एवढं करावं. काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा एक पत्रा, वर चार बोटं उंचीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणलेला, खालून-वरून हवेला वाट. शेजारी एक साधं ताट, उघडं. दोन्हीत वजन करून एकाच झाडाचा कढीपत्ता घाला आणि दर दोन तासांनी वजन टिपा. चार दिवस, वहीत. मग तो दोन्हीकडचा पाला दोन वेगळ्या पिशव्यांत भरून मोंढ्यातल्या मसालेवाल्याकडे न्या. कुठला कुणी वाळवला ते सांगू नका. कुठली पिशवी घेणार आणि किलोला काय देणार, एवढंच विचारा. तो आकडा वहीत लिहिलेला असेल, तर ड्रायर विकणाऱ्याशी बोलायला मला फोन करायची गरज पडणार नाही.